दिसेनासं होईपर्यंत

३ एप्रिल

चिमणे,

कालपासून गवत कापायला सुरुवात झाली. म्हणजे हंगाम आला. तो ओला वास माझ्या खिडकीपर्यंत येतो आणि मी आपोआप ओळी पुटपुटायला लागतो. तू हसशील, पण पहिल्यावहिल्या प्रयोगाआधी पुटपुटत होतो ना, अगदी तस्साच. इतकी वर्षं झाली, त्या सवयीला काही म्हातारपण येत नाही.

खोली तीच आहे. खाली कपडेपट, वर मी. शिंपीमामांचं मशीन सकाळी सुरू झालं की माझ्या पलंगाचे पाय थरथरतात, तोच माझा गजर. काल मामा माप घ्यायला आले आणि म्हणाले, "राजेसाहेब, झगा आत घ्यावा लागणार. तुम्ही वाळलात." मी म्हटलं, "मामा, राज्य सोडून निघालेला राजा थोडा वाळलेलाच बरा दिसतो."

हो, यंदा राजाचं नाटक परत लावलंय! थोरल्या बाई गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. आता कंपनी त्यांच्या लेकीच्या हातात आहे, आणि धाकट्या बाईंच्या मनात आलं. मला बोलावून विचारलं, "काका, जमेल ना?" मी म्हटलं, "तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून जमतंय." त्या हसल्या, पण जरा उशिरा हसल्या.

नवी पोरं मोठी गमतीची आहेत. बंदिस्त थिएटरातून आलेली. एकानं विचारलं, "काका, एक्झिट घेतल्यावर विंग कुठली धरायची?" मी म्हटलं, बाबा रे, इथे विंग नाही, पडदा नाही, डोक्यावर छप्पर नाही. काम संपलं की प्रेक्षकांकडे पाठ करायची आणि मागचा चढ चढत जायचं, दिसेनासं होईपर्यंत. तोवर तू राजा असशील तर राजा, चोर असशील तर चोर. वाटेत खाज सुटली तर तीसुद्धा चोराचीच खाज.

तुझी कुंपणातली जागा तशीच आहे, फक्त झुडपं वाढून तिचा खोपा झालाय. आता तिथे कुणी बसत नाही. ही मंडळी कानात इवलंसं यंत्र घालतात आणि तंबूतून कुणीतरी त्यांना ओळी सांगतं. मलाही एक देत होते. मी म्हटलं नको, मला कुंपणातून ओळ ऐकायची सवय आहे.

या उन्हाळ्यात ये ना. किती हंगाम झाले, तू फिरकली नाहीस. लहानपणी तू खेळात रमलेली असायचीस आणि मी दारातून हाक मारायचो, तशीच आता इथून मारतो: चिमणे, दिवे लागले, घरात ये.

वाट बघतोय.
दादा

१५ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचून एवढी हसले की जावई स्वयंपाकघरातून बघायला आला, सासूबाईंना झालं तरी काय. चोराची खाज! तू अजून तसाच आहेस रे, वात्रट.

यायचं फार मनात आहे. पण घराला रंग काढलाय, सगळं सामान मधल्या खोलीत. शिवाय नातीची परीक्षा. शिवाय लेकीचं ऑफिस. शिवाय माझा स्वेटर अर्धा विणून झालाय तो संपवायचाय. बघू, पुढे जमेल.

मी मजेत आहे. खिडकीशी खुर्ची टाकलीय, दिवसभर रस्ता बघते. समोर बेकरी आहे. तो बेकरीवाला सकाळी शटर वर केलं की आधी मला हात करतो, मग भट्टीकडे जातो. आमची ओळख एवढीच, पण पक्की आहे. दुपारी उन्हाचा एक चौकोन माझ्या पायांवर येऊन बसतो आणि मी डोळे मिटते. मग मी थेट कुंपणात असते. मांडीवर संहिता, मानेवरून मुंग्या, आणि फटीतून दिसतात तुझ्या टाचा.

खरं सांगू? जन्मभर तुझं काम ऐकलं, पाहिलं नाही. लोक म्हणायचे, राज्य सोडताना राजाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. मी म्हणायचे, मला काय ठाऊक बाई! मला त्याच्या टाचांच्या भेगा ठाऊक.

तो शेवट मात्र अजून जशाच्या तसा आठवतो. ऊन उतरून सगळं निळं होत आलेलं. तू मुकुट सारखा करायचास आणि म्हणायचास, "दिवे लावून घ्या. मी निघतो." ती ओळ आली की दिवेवाले दिवे लावायचे, तू पाठ फिरवायचास. त्या उजेडानं लोकांचे डोळे दिपायचे आणि मागचा चढ काळाभोर व्हायचा. तू त्यात हळूहळू विरून जायचास. टाळी नाही, खोकला नाही. मलाही तू दिसेनासा झालास की मी चिमणीसारखी शीळ घालायची, की तू थांबायचास, वरच्या झाडांखाली दगडावर बसून मुकुट काढायचास. त्या शिळेवरून तर सगळी कंपनी मला चिमणी म्हणायला लागली, आणि तू तर आधीपासूनच म्हणत होतास.

आता शीळ कोण घालतं रे?

तुझी,
चिमणी

२१ मे

चिमणे,

पहिला प्रयोग झाला! काय सांगू तुला, असा प्रयोग या चढावर झाला नव्हता.

ऊन खाली गेलं तेव्हा पाखरांची एक रांग आमच्या डोक्यावरून गेली, इतकी खालून की राणीचं काम करणाऱ्या मुलीनं बोलता बोलता वर पाहिलं आणि सगळ्या प्रेक्षकांनी तिच्याबरोबर वर पाहिलं. मग वारा पडला. माझा आवाज कसा कुणास ठाऊक, न ताणता पार शेवटच्या माणसापर्यंत जात होता. मी बोलत नव्हतोच जणू, ती संध्याकाळच माझ्या तोंडून बोलत होती.

आणि शेवट तर वेगळाच झाला. यंदा दिवे लावलेच नाहीत. मी पाठ फिरवली आणि चालू लागलो, आणि मागे नुसता अंधार. लोक तसेच बसून राहिले म्हणे. कुणी उठेना, कुणी बोलेना. चांदण्या निघेपर्यंत बसले होते. दुसऱ्या दिवशी एक बाई येऊन धाकट्या बाईंना म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, राजा गेला तर आता उजेड कशाला." बघ, काय बोलल्या!

मी चालता चालता टेकाडापलीकडच्या रस्त्यानं थोडा फिरून आलो. हवा छान होती.

परीक्षा संपली असेल ना नातीची? मग?

दादा

२९ मे

दादा,

हवा छान होती म्हणे! मला वेडी समजतोस काय?

त्या नाटकाची ओळ न् ओळ मला पाठ आहे. दिवे कशावर लागतात तेही ठाऊक आहे, आणि आपले दिवेवाले कसे आहेत तेही. आकाश कोसळलं तरी ओळ आल्याशिवाय ते काडी ओढणार नाहीत, थोरल्या बाईंनी तशी सवयच लावलीय. म्हणजे दिवे "लावलेच नाहीत" हे काही कुणी ठरवलेलं नव्हतं. तू ओळ विसरलास. तीसुद्धा ती ओळ, जी मला तुला एकदाही कुंपणातून द्यावी लागली नव्हती.

ओळ विसरणं काही पाप नाही. सगळे विसरतात. पण माझ्यापासून लपवायला मी काय तिकीट काढून आलेली आहे?

आणि दुसरं. शीळ कोण घालतं म्हणून विचारलं होतं, त्याचं उत्तर तू गिळलंस. कुणीच घालत नाही ना? मग तू थांबलास कुठे? थोडा म्हणजे किती फिरलास? खरं लिही. मला इथे झोप लागत नाही.

चिमणी

७ जून

चिमणे,

आयुष्यभर कुंपणात बसून लोकांच्या चुका पकडल्यास, आता पोस्टातूनही पकडायला लागलीस. शाबास.

मला काहीही झालेलं नाही. ओळ विसरलो नाही, ती त्या दिवशी नको वाटली. एवढी वर्षं या गवतावर घालवल्यावर एक ओळ गाळायचा मला अधिकार आहे की नाही?

आणि ज्यांना इकडे फिरकायला सवड नाही, स्वेटर विणायचा असतो, त्यांनी दुरून हुकूम सोडू नयेत. तुझा रंग वाळला असेल एव्हाना, की घराला सोन्याचा मुलामा देताय?

दादा

२६ जून

प्रिय आत्या,

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. लहानपणी तुमच्याजवळ कुंपणात येऊन झोपायची ती मी. आई तालमीत असली की तुम्ही एका हातानं मला थोपटायचात आणि दुसऱ्या हातानं पानं उलटायचात. आता मला सगळे धाकट्या बाई म्हणतात, पण तुम्हाला लिहिताना ते बाईपण गळून पडतं.

काकांनी तुम्हाला सगळं लिहिलं नसणार. पहिल्या प्रयोगाला ते ओळ विसरले. दिवेवाले काड्या हातात धरून उभे राहिले, मी तंबूतून खुणा करतेय, पण ओळ नाही तर दिवा नाही. प्रेक्षकांना वाटलं हेच नाटक आहे. आणि काका चालत राहिले. झाडं मागे टाकली, टेकाड उतरले, पलीकडच्या रस्त्यावर लागले आणि मुकुटासकट बसमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हरनं विचारलं, आजोबा, कुठे? तर म्हणाले, "माझं राज्य संपेल तिथे." तो भला माणूस, त्यानं त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि शेवटच्या थांब्यावरून आम्हाला फोन केला. मी गेले तेव्हा आगारातल्या लोकांबरोबर चहा पीत होते. मलाच रागावले. "शीळ झालीच नाही, मग मी थांबणार कसा?"

आत्या, पुढच्या तालमींत मी दुसऱ्या लोकांना शीळ घालायला लावून पाहिलं. ढोलवाल्यानं घातली, मी घातली. काका ऐकायचे आणि म्हणायचे, "ही ती नव्हे," आणि चालत राहायचे. चढ चढताना मी कुणाला तरी त्यांच्यामागे सोडलं, तर त्यांना त्याचा अपमान वाटला.

शेवटी राजाचे पुढचे प्रयोग मी थांबवले. तेव्हापासून ते खोलीतून फारसे उतरत नाहीत. शिंपीमामा म्हणतात, वरून पावलं ऐकू येतात, इकडून तिकडे, इकडून तिकडे. काल खाली आले आणि एकच मागणं मागितलं: हंगामाच्या शेवटच्या दिवशी एकदा राजा करू दे, मग परत मागणार नाही. मला काय करावं सुचत नाही. नाही म्हटलं तर ते त्या खोलीत विझून जातील. हो म्हटलं आणि ते पुन्हा असेच गेले, आणि या वेळी ड्रायव्हर तसा नसला, तर?

तुम्ही आलात तर मी हो म्हणेन. तुमच्याशिवाय माझी हिंमत नाही.

तुमची,
कुंपणात झोपणारी

४ जुलै

दादा,

मला धाकटीचं पत्र आलं. सगळं कळलं. तिच्यावर रागावायचं नाही, माझ्यावर रागाव, मला सवय आहे.

आता माझं ऐक. घराला रंगबिंग काही काढला नव्हता. नातीची परीक्षाही नव्हती, ती आता नोकरी करते, तुला पत्ताच नाही. मी तीन वर्षांपूर्वी थंडीत न्हाणीघरात पडले. कमरेचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ते बसवलं, हाड बसलं, पण मी काही उठले नाही. चाकाची खुर्ची आहे. खिडकीशी खुर्ची टाकलीय असं लिहिलं होतं, ती हीच. तुला कळवलं असतं तर तू तालमी टाकून धावत आला असतास आणि हंगाम बुडवला असतास. म्हणून लेकीलाही गप्प बसवलं.

म्हणजे बघ, मी तुला सांगते सगळं छान, तू मला सांगतोस हवा छान. कसले रे नट आपण दोघं! आणि प्रेक्षक दोनच, तू नि मी.

मी येतेय. माझं सगळं ठरलंय. कुंपणात खुर्ची जाणार नाही आणि खालच्या गवतात चाकं रुततात, असं धाकटीनं कळवलंय. पण टेकाडाच्या मागून रस्ता थेट झाडांपर्यंत येतो. लेक गाडीनं मला तिथे आणेल. तुझ्या दगडाशेजारी मी बसेन. शीळ घालेन, तू थांबशील. झालं.

फक्त एक अडचण आहे, हसू नकोस. कवळी बसवल्यापासून माझी शीळ वाजत नाही. नुसती हवा जाते, फुस्स. कवळी काढून पाहिली तर त्याहून वाईट. म्हणून रोज खिडकीशी सराव करतेय. पहिल्या दिवशी लेक धावत आली, म्हणाली गॅस गळतोय का. पण परवा एकदम वाजली! अगदी पूर्वीसारखी नाही, जरा खरखरीत, पण वाजली. रस्त्यापलीकडून बेकरीवाल्यानं मान वर करून तशीच शीळ परत घातली. एवढी खूश झाले मी की डोळ्यांतून पाणी आलं.

येतेय. झगा आत घ्यायला सांग.

चिमणी

१८ ऑगस्ट

चिमणे,

तुझं पत्र उशीखाली आहे. कमरेचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मला का नाही सांगितलंस? कसली भांडकुदळ आणि कसली घुमी तू! भेटलीस की बघतो तुझ्याकडे.

तालमी चालू आहेत. झगा आत घेतला. शिंपीमामांनी मुकुटालाही आतून कापड लावलंय, डोकंसुद्धा बारीक झालं म्हणे.

आता जे लिहितोय ते फक्त तुला. मला भीती वाटते. ती ओळ सकाळी असते, दुपारी नसते. जिना उतरता उतरता विसरावं की आपण खाली कशाला निघालो होतो, तसं होतं. सगळं नाटक आहे, राणीशी भांडण आहे, प्रधानाचा डाव आहे, एकही शब्द इकडचा तिकडे होत नाही. आणि त्या ठिकाणी आलो की समोर नुसता निळा उजेड. तिथे उभं राहायला फार छान वाटतं, हे सुद्धा सांगून ठेवतो. इतकं छान वाटतं की परत यावंसं वाटत नाही, आणि भीती त्याचीच वाटते.

तू वर झाडांत असशील तर ओळ कोण देणार? यंत्र मी घालणार नाही. चुकलो तर चुकलो.

पण शीळ विसरू नकोस. दिसेनासा झालो की लगेच घाल. नाहीतर मी जाईन, चिमणे, आणि मग मला परत यायची वाट सापडणार नाही असं वाटतं.

दादा

६ सप्टेंबर

चिमणे,

नीट पोचलीस ना? कंबर दुखली का प्रवासात?

गवत आता वाढू दिलंय. तंबू उतरवले. पोरं जाताना एकेक करून जिना चढून वर आली, पाया पडली, रडली, मला कळेना का रडतायत. सगळे म्हणतात, काका, काय प्रयोग झाला तो! धाकट्या बाई तर नुसता हात धरून बसतात.

आणि मला काही आठवत नाही.

राणीशी भांडलो तिथवर आहे. मग पायाखालचं गवत आठवतं, थंडगार. कुणीतरी माझा हात धरला होता ते आठवतं. मधलं सगळं गेलं. ओळ आली का? दिवे लागले का? मी चुकलो का? इथल्या लोकांना विचारायची लाज वाटते. तुला विचारतो. तू तिथे होतीस. मला सांग मी कसा गेलो.

दादा

१२ सप्टेंबर

दादा,

सांगते. सगळं सांगते. आणि हे पत्र हरवलं, किंवा वाचून विसरलास, तर परत विचार. मी परत लिहीन. दहा वेळा विचारलंस तरी कंटाळणार नाही, लाजू नकोस.

लेकीनं खुर्ची दगडाला टेकवून उभी केली, चाकांमागे दोन धोंडे लावले आणि गाडीत जाऊन बसली. झाडांमध्ये आधीच सावली होती. खाली, पार खाली, तुमचं नाटक चाललं होतं. आणि दादा, मी आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षक पाहिले! कुंपणातून कधी दिसलेच नव्हते. एवढी तोंडं, सगळी माझ्या दिशेनं वर करून बसलेली. एक म्हातारा टोपी मांडीवर घेऊन, एक बाई लेकराला पदराखाली घेऊन. मला वाटलं, बापरे, याला रोज हे दिसायचं आणि तरी याचे पाय कापत नव्हते.

तू राणीशी भांडलास. प्रधानाला माफ केलंस. आवाज वरपर्यंत येत होता, जणू शेजारी बसून बोलतोयस. एकही शब्द चुकला नाहीस, मी ओठातल्या ओठात तुझ्याबरोबर म्हणत होते. मग सगळं निळं झालं. तू मुकुट सारखा केलास. आणि थांबलास.

मी ओळ म्हटली. मोठ्यानं म्हटली, पण इतक्या लांबून काय ऐकू येणार! तू कुंपणाकडे पाहिलंस. तिथे कोणी नव्हतं. दिवेवाले काड्या धरून उभे. प्रेक्षकांत कुणी हललं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला मात्र पुरं आयुष्य गेल्यासारखं झालं.

मग तू प्रेक्षकांकडे पाठ केलीस. चढाकडे तोंड केलंस, झाडांकडे, माझ्याकडे. आणि मोठ्यानं हाक मारलीस, "चिमणे, दिवे लागले, घरात ये."

ती नाटकातली ओळ नव्हती रे. पण दिवेवाल्यांनी दिवे लावले. नंतर मी त्यांना विचारलं, तुम्ही तर ओळीशिवाय काडी ओढत नाही. तर म्हातारा दिवेवाला म्हणाला, "बाई, दिवे लागले असं राजानं सांगितल्यावर न लावून चालेल का?"

तू चालू लागलास. आणि मग माझ्या लक्षात आलं की आपली काय फसगत झालीय. आपण सगळे एवढे नाटकवाले, मी, तू, धाकटी, मामा, आणि एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही! शीळ घालायची तू दिसेनासा झालास की. कुंपणातून तू लहान लहान होत जायचास आणि विरायचास. पण मी वर होते. तू माझ्याकडे येत होतास. तू दिसेनासा कसा होशील? दर पावलाला मला जास्तच दिसत होतास.

खालच्या लोकांना तू केव्हाच दिसेनासा झाला असशील. मी ओठ आवळून बसले होते, सगळा सराव तयार, आणि शीळ घालायची वेळच येईना. झाडांपलीकडे आभाळात थोडा उजेड उरला होता, तो सगळा तुझ्या चेहऱ्यावर पडला होता. मी पहिल्यांदा पाहिलं, लोक ज्याबद्दल बोलायचे ते. बघवत नव्हतं हे खरं, पण मी डोळे काढले नाहीत. एवढ्या वर्षांच्या टाचांची भरपाई झाली.

तू थेट माझ्यापर्यंत आलास. खुर्चीसमोर उभा राहिलास. दम लागला होता तुला. मला ओळखलंस की नाही, मला कळलं नाही. अजून राजाच होतास. राजासारखाच, पण जरा घाबरून विचारलंस, "शीळ का घातली नाहीस?"

मी म्हटलं, "कशी घालू? मला तू दिसत होतास."

तू टेकाडापलीकडच्या रस्त्याकडे पाहिलंस, तिथून एक बस जात होती. मग परत माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "अजून दिसतोय?"

मी तुझा हात धरला. म्हटलं, "दिसतोयस, दादा. बस इथे." आणि तू दगडावर बसलास आणि मुकुट काढून माझ्या मांडीवर ठेवलास.

चिमणी